चांगल्या निघालेल्या वायरी

आण्णा, तुमच्या ट्रंकेतल्या माईकच्या वायरी चांगल्या आहेत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे मला गेल्या महिन्यात, पडवीत बसून, एका डबीकडून कळावं? इतका संताप आला की तुम्ही समोर असता तर त्या दिवशी तुम्हाला जेवायला वाढलं नसतं.

डबी म्हणजे वायरी तपासायचं यंत्र. तळहातावर मावतं. वायरीची दोन्ही टोकं त्यात खुपसायची, बटण दाबून धरायचं, की तीन दिवे ओळीनं लागतात, आतल्या तीन तारांचे तीन. एखादा लागला नाही तर ती तार तुटलेली. दोन एकदम लागले तर तारा आत कुठंतरी एकमेकींना चिकटलेल्या. मग वायर हातभर हातभर वाकवत जायचं, दिवा लुकलुकला की दुखणं तिथंच. हेच काम तुम्ही भोंगा लावून, 'हॅलो, हॅलो' करत, अख्ख्या राजुरीची दुपारची झोप मोडून करायचात. याला सेल लागत नाहीत, मोबाईलसारखं चार्ज करायचं. लाल दिवा म्हणजे पोट भरतंय, हिरवा म्हणजे भरलं. आणि सोबत आलेली चार्जिंगची वायरच लूज! विटेखाली दाबून, मान तिरकी करून ठेवली तरच लाल दिवा लागतो. जगाच्या वायरींना नावं ठेवणाऱ्याच्या घरची ही तऱ्हा. दुपारभर ती वीट सांभाळली, हिरवा दिवा आला, आणि म्हटलं, आधी भंगारात द्यायच्या वायरींवर हात बसवू. म्हणून तुमची ट्रंक उघडली.

त्या तुम्हीच बाद केलेल्या. दशक्रियेला माईक लावून घरी आलात की कधीकधी ट्रंकेपाशी उकिडवे बसायचात, एखाद्या वायरीला लाल चिंधी बांधायचात आणि आत टाकायचात. चुलीपुढं भाकरी थापता थापता आई म्हणायची, "आणली का अजून एक मेलेली? दहाव्याला माईक लावाया जाता का वायरी पुराया?" तुम्ही नुसते हसायचात. त्यातली एक तिनं परसात बांधली आणि तिच्यावर धुणं वाळत घातलं. तुम्ही रोज त्या धुण्याखालून वाकून जायचात. त्या दिवशी सगळ्या तपासल्या तेव्हा फक्त तेवढी एकच खराब निघाली. उन्हापावसानं गेली. म्हणजे तुमची खरोखर बिघडलेली वायर एकच, आणि ती आम्ही बिघडवली.

मग मला येडगाव आठवलं. नदीकाठी दशक्रिया चालू आहे. मी शाळकरी, मशीनपाशी फतकल मारून बसलेय. पुढारी श्रद्धांजलीला उभा आहे; मयताचं नाव त्यानं शेजारच्याला विचारून घेतलंय. मधेच आवाज जातो. तो तुमच्यावर डाफरतो, "ओ माईकवालं, वायर तरी धड आणीत जा की राव! गेलेल्या माणसाची तरी लाज धरा." लोक हसतात. तुम्ही वाकून पळता, त्याच्या हातातून माईक घेता, वायर बदलता, माईक परत देता. आवाज येतो. "वायर गेली व्हती सायेब, चुकलं."

कुठली गेली होती? माईकच्या दांड्याला बटण असतं, आण्णा, आणि बोलण्याच्या भरात पुढाऱ्याचा अंगठा त्यावर पडतो. हे आता मीही या धंद्यात रोज बघते. तुम्ही माईक हातात घेऊन बटण सरकवायचात. वायर बदलणं हे नाटक. त्यांचा अंगठा झाकायला तुम्ही स्वतःचं नाव घालवलंत. शाळेत मला 'तुटक्या वायरीची' म्हणायचे. मला बघायला आलेला पाहुणा आपलाच चहा फुंकत म्हणाला होता, "पोरगी झ्याक हाय, पर बापाचं काम लई जोडाजोडीचं." चारचौघांत झाकलंत, ते समजू शकते. पण घरात? आईसमोर त्या चिंध्या कशासाठी? आम्हालाही खोटंच सांगायचं होतं? ती तुम्हाला अडाणी कारागीर समजूनच गेली.

म्हणून गेल्या आठवड्यात मी गप्प बसले नाही. डिंभ्याला, घोड नदीच्या काठावर, एका म्हातारीची दशक्रिया होती. पुढाऱ्यानं भाषण आटोपून माईक म्हातारीच्या लेकीकडं दिला, आणि देता देता अंगठ्यानं बटण बंद केलं. ती बिचारी उभी, ओठ हलताहेत, आवाज नाही. पुढारी मला म्हणतो, "काय वो ताई, अजून वडलांच्याच वायरी वापरता का?" हशा झाला. मी तिच्या हातातून माईक घेतला, वायर दोन्हीकडून काढून डबीत घातली आणि डबी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. तिन्ही दिवे लागले. "दादा, वायर ठणठणीत हाय. बटन तुमच्या अंगठ्यानं बंद केलंय. वडलांच्या टायमालाबी असंच व्हतं." दुप्पट हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, सायबांचा अंगठा धरा कुणीतरी!" तो लालेलाल झाला. वायर जोडून मी बटण सरकवल्याबरोबर त्यानं खुलासा करायला माईक ओढून घेतला, आणि खुलासा काही संपेना. तेवढ्यात पिंडाला कावळा शिवला. लोक उठले, गाड्या सुरू झाल्या. म्हातारीची लेक चटया गोळा करायला लागली.

तुमचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. चांगल्या वायरीला चांगली म्हणायलाच हवं होतं, तेही मोठ्यानं. आणि तो लाल झाला तेव्हा मला फार बरं वाटलं, हेही लपवत नाही. फक्त त्या लेकीला आईबद्दल काय बोलायचं होतं, ते राहून गेलं. जाऊन तिला विचारावं असं रोज मनात येतं. तिच्याकडं जायचं सोडून इथं तुम्हाला लिहीत बसलेय, ज्यांना हे पोचायचंच नाही. घरात सांगते, डिंभ्याच्या एसटीचा काय भरवसा, गेलं तर अडकून पडायचं. माईकचं सामान नेणारा आपला टेम्पो दारात उभा आहे, आण्णा. डिझेलही भरलेलं आहे.