डब्यातली मनाली

प्रिय मनू,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आई आहे तशी आहे, तेव्हा पुढचं निवांत वाच. घरात तीन-तीन कॉम्प्युटर चालवणारा तुझा दादा कागदावर लिहायला बसलाय, याचं तुला हसू येईल. पण फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज पाठवला की निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. पोस्टानं आलेलं पत्र मात्र न वाचता फाडायचा तुझा स्वभाव नाही.

दाजींच्या स्टेटसला तुमच्या नव्या फ्लॅटमधले हुकूम ऐकणारे दिवे पाहिले. छान दिसतात. पण तुझा भाऊ पडला आगाऊ, सल्ला दिल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. ते दिवे तुमचं ऐकत नाहीत गं, कंपनीचं ऐकतात. तुम्ही नाशकात 'दिवा लाव' म्हणायचं, ते कुठल्या तरी परमुलखातल्या यंत्रानं ऐकायचं आणि मग तुमच्या हॉलमध्ये उजेड पडायचा. नेट गेलं की बसा अंधारात, आणि कंपनीनं उद्या दुकान बंद केलं की दिवेही मेले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत होते. तेव्हा भिंतीवरची बटणं काढू देऊ नकोस. आणि दाजींचा जुना लॅपटॉप भंगारात घालू नका, मला पाठवा. त्यातलं विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकलं की तो अजून पाच-सात वर्षं तुमच्या घरचे फोटो सांभाळेल. जगभरातली न पाहिलेली माणसं हे प्रोग्रॅम लिहितात आणि फुकट वाटतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आपल्या गल्लीत कुणी फुकट सल्लासुद्धा देत नाही, मी सोडून.

आपल्या टाकीतलं यंत्र अजून चालू आहे. नळाला पाणी आलं की माझा मोबाईल वाजतो आणि मी गल्लीभर हाक देतो. एरवी माझ्या वायरींना नावं ठेवणारे सगळे त्या दिवशी मला साहेब म्हणतात. शेजारच्या सावित्रम्मा तर म्हणतात, पाणी महानगरपालिका सोडत नाही, यशपाल सोडतो. यंदाचा उन्हाळा वाईट गेला. रात्रंदिवस चालणारा माझा सर्व्हरचा कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला, म्हणून तो उचलून माठाच्या तिवईखाली ठेवला. तिथं तो गार राहतो. तेवढी एकच गोष्ट यंदा मनासारखी झाली.

आता डब्याचं लिहितो. तुला त्याचं नावही नको झालंय, ठाऊक आहे. पण तो का केला ते आठव. आई गॅस चालू ठेवून बाहेर जायला लागली होती. गोळी एकतर घ्यायचीच नाही, नाहीतर दोनदा घ्यायची. मी काही सांगितलं की, "तू मला शिकवतो व्हय रं?" म्हणून अंगावर यायची. तुझा फोन आला की मात्र लगेच ऐकायची. म्हणून मी ते तळहाताएवढं यंत्र आणि एक जुना स्पीकर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि तुझ्याकडून वाक्यं बोलून घेतली. आई, गोळी घे. आई, गॅस बंद कर. आई, बाहेर लई ऊन हाय, घरात बस. बोलताना तू किती हसत होतीस! एका वाक्याच्या शेवटी तुझं हसू तसंच राहिलं, ते मी मुद्दाम कापलं नाही. दार उघडलं की डबा बोलायचा आणि आई माघारी फिरायची. मला केवढा अभिमान वाटला होता, मनू.

मग तू एप्रिलमध्ये जयंतीला आलीस. पांढरी साडी नेसून दारात उभी राहिलीस आणि आईनं तुला विचारलं, "कोण बाई तुमी? कुणाकडं आलाव?" तू म्हणालीस, अगं मी मनाली. तर ती डब्याकडं बोट दाखवून म्हणाली, "मनाली हितं हाय की माजी. आत्ताच बोलली." तू मिरवणुकीला न थांबता दुपारच्या गाडीनं परत गेलीस. तुझं काही चुकलं नाही. माझ्या बाबतीत असं झालं असतं, तर मी तो डबाच आपटून फोडला असता.

तू गेल्यावर मी तो काढूनही ठेवला होता. तुला वाटत असेल, दादा आपल्या खेळण्याला चिकटून बसलाय. पण डबा काढला त्या दुपारी आई अनवाणी बाहेर पडली आणि ज्याच्या त्याच्या दारात जाऊन "माजी पोरगी कुटं हाय?" म्हणून विचारत सुटली. डांबरावर तिच्या तळव्यांना फोड आले. सावित्रम्मांनी तिला रिक्षात घालून आणलं. डबा परत जागेवर ठेवला तेव्हा तिचं रडं थांबलं. आता ती त्याच्यासमोर कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवते. पोरगी काहीच खात नाही म्हणून सावित्रम्मांकडं काळजी करते. ऊन लागेल म्हणून त्याच्यावर ओला टॉवेल टाकते, मग मला आतलं सगळं उघडून वाळवावं लागतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय की जे गेलं ते परत यायचं नाही, आणि आहे तेही जात राहील. मी इंटरनेटवर पुष्कळ शोधलं. बिघाड कुठं आहे ते कळतं, पण त्याला इलाज नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस एवढ्यासाठी हे लिहिलं. निदान तुझं नाव तिच्या तोंडात आहे.

माझं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पावसाळा सुरू झाला तेव्हापासून आई मलाही ओळखत नाही. सारखा वायरी घेऊन बसलेला दिसतो म्हणून तिला मी वायरमन वाटतो. पहिल्या दिवशी मी तिला आई म्हणालो, तर ती घाबरली आणि सावित्रम्मांना हाका मारायला लागली. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणतो आणि खिशात टेस्टर ठेवतो. सकाळी सावित्रम्मा दारातून सांगतात, वायरमन आलाय, घ्या आत. मग मला घरात यायला मिळतं. ती चहा करते. कप पुढं करताना विचारते, "आमच्या घरचा चा चालतो न्हवं तुमाला?" मी म्हणतो, चालतो मावशी. मग ती मला यशपालचं कौतुक सांगते. माझा पोरगा लई हुशार हाय, असलं सगळं त्याला येतं, कामावरनं येईल आता. आणि दिवे लागले की मला उठवते. "जा आता घरी. माजा यशपाल यायची येळ झाली." मी सावित्रम्मांच्या ओट्यावर जाऊन बसतो. आईचा डोळा लागला की त्या खूण करतात, मग मी माझ्या घरात शिरतो आणि पहाटे ती उठायच्या आत बाहेर पडतो.

मनू, सावित्रम्मा पुढच्या महिन्यात लेकीकडं सिकंदराबादला चालल्यात, कायमच्या. त्यानंतर मला आत घ्या म्हणून सांगणारं कुणी नाही, आणि त्यांच्यासारखं आईला न्हाऊ-जेवू घालणारंही कुणी नाही. वायरमनच्या हातानं आई अंघोळ करणार नाही, घास घेणार नाही. ती फक्त तुझ्या आवाजाचं ऐकते. तुला ये म्हणत नाही, तुला परत त्या दारात उभं करणार नाही. फोनवर एकच वाक्य बोलून पाठव. "आई, ह्यो यशपाल हाय, आपला दादा, त्याला घरात राहू दे." आता असेही प्रोग्रॅम निघालेत की चार वाक्यं दिली की तुझ्या आवाजात हवं ते बोलतात. मी ते वाक्य तसं बनवून पाहिलं. हुबेहूब तूच. पण डब्यात घातलं नाही. मी तिचा मुलगा आहे, हे मीच यंत्राकडून वदवून घ्यायचं, ते मला जमलं नाही. हे ज्याला ठाऊक आहे अशा कुणीतरी म्हणायला हवं, आणि असं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ऐकून ती मला ओळखेल, अशी आशा मी धरलेली नाही. मनाली म्हणतेय तर असू दे बापडा, एवढंच म्हणेल. मला तेवढं चालेल.

तुझाच, निदान तुझा तरी,
दादा