ढकल पुढे

३ फेब्रुवारी
आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर आहे, स्वच्छ आणि हवेशीर. खिडकीखाली टेबल, बाहेर गॅलरी आणि गॅलरीतूनच खाली उतरणारा उभा दगडी जिना. घरमालक वकील आहेत, त्यांना वकीलकाका म्हणायचं ठरलंय. भाडं नाही. त्यांचे कागद थोडे टाइप करून द्यायचे आणि उरलेल्या वेळात कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

मला वकील का व्हायचंय, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. बाबांवर चोरीचा खोटा आळ घेणारा कारखानदार अजून ताठ मानेनं फिरतोय. त्याला पिंजऱ्यात उभं करायचं आणि उलटतपासणी मी घ्यायची. आई म्हणते, बाई गं, तू सापासारखा डूख धरतेस. धरते!

११ फेब्रुवारी
‘थोडं’ टायपिंग म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बोटं मोडून आली. तर्काचे प्रश्न सुटता सुटत नाहीत. वकीलकाका म्हणाले, तयारी कच्ची आहे, परीक्षा पुढच्या वर्षावर ढकल, घाई कसली? बघते म्हटलं. मनात म्हटलं, तुमचं काय जातंय, फुकटची टायपिस्ट मिळालीय तुम्हाला. पण रात्र थोडी सोंगं फार अशी माझी गत झालीय, हेही खरं.

१६ फेब्रुवारी
तारीख बदलायची मुदत उद्या संपते. भर दुपारी खोलीत येरझारा घालत मोठ्यानं म्हटलं, काय करू, ढकलू का पुढे? गॅलरीच्या दाराशी कुणीतरी स्पष्ट म्हणालं, ढकल. बाईचा आवाज होता. डोकावून पाहिलं तर कुणीच नाही. कामाच्या मावशीही केव्हाच गेल्या होत्या.

१७ फेब्रुवारी
पुन्हा तोच आवाज, जिन्याच्या वरच्या पायरीवरून. ढकल, ढकल पुढे. इतकं कळवळून की मलाच रडू फुटलं. घर सोडल्यापासून माझी काळजी करणारं कुणी भेटलं असं वाटलं. ढकलली परीक्षा. बटण दाबलं, आता थेट पुढचं वर्ष. वकीलकाका खूश झाले आणि कागदांचा नवा गठ्ठा आणून ठेवला.

२३ फेब्रुवारी
आवाज थांबत नाही. परीक्षा ढकलून झाली तरी ढकल, ढकल. टाइप करताना, केस विंचरताना. वकीलकाका जिना उतरायला लागले की जास्तच, दातओठ खाऊन. शेवटी मी ओरडले, ढकलली ना बाई! आता आणखी काय ढकलू?

२६ फेब्रुवारी
मावशींना विचारलं. केर काढता काढता थांबल्या. माझ्याआधी एक मुलगी होती म्हणे, याच खोलीत, याच कामाला. दर वर्षी वकीलकाका तिला परीक्षा पुढे ढकलायला लावायचे. शेवटी ऐकेना, बॅग भरून निघाली. जिन्यावर भांडण झालं. मावशींनी खालून पाहिलं — तिच्या पाठीवर यांचा हात. कोर्टात म्हणाले, पाय घसरला. मावशींना कुणी विचारलंच नाही. सुटले.

ती परीक्षेबद्दल बोलतच नव्हती.

मावशी म्हणाल्या, पोरी, निघून जा. पळेन तर मी कसली?

२८ फेब्रुवारी
तिला सांगितलं, थांब. वकील होईन, तुझा खटला पुन्हा उभा करीन. हसली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा होत नाही — कालच मी टाइप केलंय ते. त्यांच्याच कागदात.

२ मार्च
जेवण जात नाही. ती म्हणते, ढकल. मी म्हणते, नको, मग मला वकील कोण होऊ देईल, बाबांचं काय — ती म्हणते —

५ मार्च
आज परीक्षा होती. सगळे आत्ता पेपर लिहीत असतील. मी मात्र इथे, यांचे कागद —

वकीलकाका वर आले होते. म्हणाले, पुढच्या वर्षीही घाई नको. हसून म्हणाले. आता वरच्या पायरीवर उभे आहेत, माझ्याकडे पाठ करून, चष्मा पुसत.

ती सकाळपासून गप्प आहे. ऐकू येतंय ते माझ्याच तोंडून —

कारखानदार नंतर. बाबा, रागावू नका. आधी हा.

उभ्यानं लिहितेय. गॅलरीत. त्यांच्या सदऱ्यावरची इस्त्रीची घडी दिसतेय, इतकी जव