पोरगी लय पडते

चिखलदरा,
रविवार, ६ ऑगस्ट २०२३

ती. सौ. आईस,
आरतीचा शिरसाष्टांग नमस्कार. बाबांची कंबर कशी आहे? शेवगा तोडायला त्यांना चढू देऊ नकोस. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय.

गुरुकुंज मोझरीहून निघालेली आमची पायी मोहीम काल भीमकुंडाच्या धबधब्यापाशी संपली. आपल्या शेजारच्या बेबीताईला मीच आग्रहाने नेलं होतं. तिने वाटेभर सगळ्यांना हसवलं आणि माझ्या तळपायाचे फोड सुईने फोडून दिले. परतवाड्याच्या पुढे जुन्या पायवाटेने घाट चढलो. धुकं असं की पुढच्या माणसाची फक्त पिशवी दिसायची. धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. तू असतीस तर हात जोडले असतेस.

फोन लागत नाही म्हणून तू बेबीताईच्या फोनवर चारदा विचारलंस. माझा फोन तुझ्या जावयाने, विपुलने, दगडावर आपटला. तसंही फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "अधिक महिना आहे, जवायाले कायी बोलू नको," म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून हे पत्र बेबीताईच्या हाती देतेय. वाचून होईपर्यंत ती तुझ्यासमोरून उठणार नाही.

मोहिमेच्या बॅनरवर फोटो तुझ्या जावयाचा होता. शेवटच्या चढाला त्याचा दम उखडला. मी थांबले नाही, सगळ्यांच्या आधी कठड्याला हात लावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं चुकलं ते एवढंच, असं तू म्हणशील.

बाकीचे चहाच्या टपरीकडे वळले तेव्हा तो वर पोचला. त्याने मागून माझी वेणी धरली आणि कपाळ लोखंडी कठड्यावर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. मी ओरडले, पण पाण्याच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. उजवं मनगट त्याने इतकं पिळलं की आतलं काहीतरी तुटल्याचं मला कळलं. मग पोटावर धरून मला कठड्यावरून अर्धी बाहेर वाकवली. खाली नुसतं पांढरं होतं, आई. दरी किती खोल ते दिसत नव्हतं, पण तिची ओल तोंडाला लागत होती.

तो कानाशी म्हणाला, "ढकलून देलं त घसरली म्हणून सांगीन. तुही मायच सांगते साऱ्याइले, पोरगी लय पडते."

ते ऐकून माझी भीती गेली. हौदावर पडली, जिन्यावरून पडली, मोरीत पडली, हे तूच गल्लीभर सांगितलंस. दिवाळीला न्हाऊ घालताना माझ्या दंडावर उठलेली त्याची बोटं पाहून तू तेल जरा हळू लावलंस, इतकंच.

कठड्याला टेकवलेली माझी चालायची बांबूची काठी डाव्या हाताला लागली. पहिला दणका त्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो खाली आला. दुसरा तोंडावर. दात तुटल्याचं काठीतून हाताला कळलं. तो चिखलात पालथा पडून हात जोडत होता, तरी मी मारत होते. बेबीताई धावत आली आणि तिने मला कमरेला धरून ओढलं, नाहीतर मी थांबले नसते. मला लाज वाटली नाही. थांबावंसं वाटत नव्हतं, याची मात्र अजून भीती वाटते.

दवाखान्यात त्याने सांगितलं, शेवाळावरून घसरलो. डॉक्टरांनी मान डोलावली. मला हसू आलं आणि कपाळाचे टाके ताणले गेले.

मंगळवारी त्याला आपल्याकडे धोंड्याचं जेवण आहे. तू अनारसे केले असशील, तबक घासून ठेवलं असशील. मागच्या अधिकात तू परातीत त्याचे पाय धुतलेस, आणि पाणी घालायला तांब्या मी धरला होता, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत. कोणालाच काही वाटलं नाही. तो कुबडी घेऊन का होईना येईल. मानपान तो सोडायचा नाही. तूही दार उघडशील, म्हणून आधीच लिहितेय.

उद्या सकाळी मी पोलीस ठाण्यात जातेय. त्याने काय केलं ते सांगणार आणि मी किती मारलं तेही सांगणार. मग ते बार्शीटाकळीला येतील आणि तुला विचारतील, तुमची मुलगी सारखी पडायची का?

बाबांकडे बघू नकोस. तुला विचारलंय, तूच सांग. तू पुन्हा तेच सांगितलंस तर त्या घराची पायरी मी चढणार नाही, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. पण मला यायचंय, आई. माझी फार इच्छा आहे.

कधीच न पडलेली,
तुझी
आरती