बायकांनी उचललेलं गाणं

५ ऑक्टोबर १९५२, रविवार

ऑलिंपियो आला होता. माझ्या नवऱ्याचा, मिरूचा, गाण्यातला जोडीदार. मिरू गेल्यावर पहिल्यांदाच आला. कॉफी प्यायला, टोपी हातात फिरवत बसला. म्हणाला, "वहिनी, त्याचं शेवटचं सांबा-गाणं पुढच्या रविवारी मंडळाच्या अंगणात म्हणू. पण चाल मला अर्धीच आठवते."

मला पूर्ण आठवते. मिरू आगपेटीवर ठेका धरायचा, मी कपडे घासायची. इतकी गाणी रचली, रेडिओवर गेली, पण सूर लिहिता येत नव्हते त्याला. शब्द कागदावर आहेत. चाल आता फक्त माझ्या डोक्यात. काल चुलीपाशी क्षणभर निसटली.

८ ऑक्टोबर

चाल गाऊन पाहिली. शाबूत आहे. त्याचा आवाज मात्र आठवेना.

१२ ऑक्टोबर, रविवार

आमच्याकडे गाणं बायका ठरवतात. रचणाऱ्याने म्हणायचं. बायकांनी मागोमाग गाऊन उचललं तर ते कार्निव्हलच्या मिरवणुकीपर्यंत जगतं. तोंडं मिटली की मेलं. दयेपोटी कुणी गात नाही — मीसुद्धा भल्याभल्यांची पाडली आहेत.

आज त्यांच्यासमोर म्हणायला मी उभी होते. बायकांतली सगळ्यांत जुनी झुल्मिरामावशी सगळ्यांच्या पुढे, हाताची घडी घालून. "गा बाई. रडायचं असेल तर घरी जा."

गायले. बायको दार उघडत नाही, बाहेर नवरा विनवतोय, एवढंच गाणं. पुढचा भाग उभ्या उभ्या रचायचा असतो. तो ऑलिंपियोकडे होता. त्याने तोंड उघडलं आणि ढसाढसा रडला. ढोल वाजतच राहिले. बायका गप्प.

माझ्याच तोंडून निघालं — दार उघडंच होतं रे, तुझाच पाय वळला नाही.

मावशीने हाताची घडी सोडली. तिने उचललं, मग मागच्या रांगेने, मग सगळ्या अंगणाने. एवढ्या गळ्यांतून ती चाल! माझी उरलीच नाही. मला गाताही येईना, नुसती ऐकत राहिले. चर्चमध्येही असं कधी वाटलं नाही.

ऑलिंपियो डोळे पुसत म्हणाला, "मिरूने दुसरा भागही करून ठेवला होता होय?" मी होकाराची मान हलवली. कशी कोण जाणे.

१४ ऑक्टोबर

नळावर झुल्मिरामावशी भेटली. घागर भरता भरता म्हणाली, "मिरूच्या गाण्यात बाई कधी उलट बोलली आहे का गं? पहिल्या भागाला आम्ही गप्पच होतो. उचललं ते तुझं. रविवारी नवं घेऊन ये."