बेअरिंगचा दोष

दादा,

आपल्या ट्रकचा गिअरबॉक्स मोडला, तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, "ड्रायव्हरची चूक. वॉरंटीत बसत नाही." बाबांनी तुला फैलावर घेतलं आणि तू घर सोडलंस.

मी मात्र वर्कशॉपमध्ये ठाण मांडलं. "गिअरबॉक्स माझ्यासमोर उघडा."

"ताई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मला माझा भाऊ कळतो."

शेवटी उघडला. आतलं बेअरिंग मुळातच सदोष निघालं. सगळी दुरुस्ती वॉरंटीत झाली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोराला उगाच बोललो गं."

तुझा पत्ता कळला की हे पत्र पाठवीन. तोवर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की माझ्याआधी बाबाच दाराशी धावतात.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी