डाव्या खांद्याकडे लक्ष

प्रिय खारूताई,

तू इथे राहून गेल्यापासून बाबांच्या ड्रमवर चादर आहे. आधी नुसती चादर होती. मग एकदा घाईत मी इस्त्रीचे कपडे त्यावर ठेवले, ते त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. एरवी कुणी ड्रमवर चहाचा कप टेकवला तरी "ते टेबल नाही" म्हणून अंगावर येणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा स्वेटर घडी करून त्याच ढिगावर ठेवला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण घर एवढंसं, बाबा दिवसभर घरात, आणि मी खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलायला लागले की विषय कोणाचा आहे ते त्यांना लगेच कळतं. शिवाय फोनवर तू मध्ये बोलशील. मध्ये बोलायची तुझी जुनी सवय, बेस गिटारवरसुद्धा. रागावू नकोस, हसत लिहिते आहे.

तुझा तो नवा सहा तारांचा बेस तू आल्या आल्या भिंतीला टेकवलास तेव्हा बाबा कितीतरी वेळ त्याच्याभोवती फिरत होते, पाहुणा आल्यासारखे. तू प्लग लावलास, म्हणालीस, "चला बाबा, आपलं ते संथवालं होऊन जाऊ दे." आपलं ते म्हणजे शनिवारी हॉलमध्ये आमचा बँड वाजवतो तेव्हा ज्यावर पहिली जोडी नाचायला उठते ते. मी भाजी चिरत होते. तू सुरुवात केलीस आणि माझा हात थांबला. काय बोटं चालतात गं तुझी. खारूताई हे नाव बाबांनी ठेवलं तेव्हा तू माझ्या बेसच्या दांडीवर नुसती वरखाली पळत होतीस. आता पळतेस आणि प्रत्येक पाऊल जिथे पडायला हवं तिथेच पडतं. मला सात जन्मांत जमणार नाही. मी तुझ्याएवढी, बत्तीस वर्षांची असताना कुणी मला एवढ्या वेगात वाजवायला सांगितलं असतं तर मी बेस ठेवून घरी आले असते. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तुला माझ्या वाजवण्याबद्दल काय वाटतं ते मला ठाऊक होतं. शाळेत असताना एकदा विचारलं होतंस, "आई, तेच तेच चार सूर वाजवून तुला कंटाळा नाही येत?" मी म्हटलं होतं, तुझे बाबासुद्धा रोज त्याच त्याच लिफ्ट दुरुस्त करतात. तू म्हणालीस, "म्हणूनच तुमचं जमतं."

जमायचं ते खरं. पण त्या दुपारी तू वाजवायला लागलीस आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत बाबांचा डावा हात उशिरा आला. किंचित. मग परत आला वेळेवर. मग परत उशिरा. तू मेट्रोनोमच्या टिकटिकीबरोबर वाढलेली मुलगी, तू ठाम राहिलीस, त्यात तुझी काय चूक. मधल्या रिकाम्या जागा तू सुरांनी भरून टाकल्यास, त्यामुळे त्यांना टेकायला कुठे जागाच उरली नाही. तुझं गाणं पुढे गेलं आणि ते मागे राहिले, आणि तू मान वळवून म्हणालीस, "बाबा, झोपलात की काय?" आपल्या घरातला तो जुना विनोद. बाबाच मला म्हणायचे, मी बँडमध्ये नवीन होते तेव्हा. तेही हसले. ड्रमच्या काठ्या नेऊन स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या भांड्यात उभ्या करून ठेवल्या आणि म्हणाले, पोरीने घाम काढला. तुला वाटलं, म्हातारा दमला. त्या काठ्या अजून चमच्यांतच आहेत.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. बाबांचा तो हात गेल्या वर्षीच्या आधीपासून तसा आहे. नोकरी त्यांनी कंटाळून सोडली असं आम्ही तुला सांगितलं, पण लिफ्टच्या पेटीतले बारीक स्क्रू त्यांना बसवता येईनात. कपाच्या कानात बोट घालताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. आजार हळूहळू वाढणारा आहे. औषधाने कंप थोडा आवरतो, जात नाही. पण डॉक्टर म्हणाले, ड्रम वाजवता ना, मग तो मात्र सोडू नका, ठेक्यावर हात चालतो तसा औषधाने चालणार नाही. तुला सांगायचं नाही असं बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं, तुझा कार्यक्रमांचा दौरा चालू होता म्हणून. मग दुसरा दौरा होता. तुझे दौरे काही संपत नाहीत बाई.

आणि मग हॉलमध्ये मी थांबायला लागले. मी हे ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं त्यांच्या डावीकडे उभी राहते, त्यांचा हात खाली येण्याआधी खांदा वर जातो हे माझ्या बोटांना माहीत आहे. खांदा उशिरा उठला की मी सूर उशिरा सोडायची. एवढंच. नाचणाऱ्यांचे पाय एकटा ड्रम ऐकत नाहीत गं, ड्रम आणि बेस मिळून कुठे पडतात ते ऐकतात. ते एकटे उशिरा आले तर ती चूक, आणि मी त्यांच्याबरोबर उशिरा आले तर लोकांना वाटतं, वा, आज काय डौल आहे. काही जोड्या खरंच येऊन सांगायच्या की अलीकडे तुमचं संगीत गुडघ्यांना मानवतं. आमच्या बँडच्या गायिकाबाई मात्र वैतागायच्या. लांब ओळीत त्यांचा श्वास पुरेना. "आपण गाणं म्हणतोय की बंद पडलेली गाडी ढकलतोय?" असं कीबोर्डवाल्याला म्हणायच्या, आणि तो बिचारा आपलंच चुकतंय समजून घरी तालीम करायचा.

तुला आठवतं का, लहानपणी बाबा तुला कामावर घेऊन जायचे आणि लिफ्टचं दार उघडल्यावर खाली बघायला लावायचे? लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी सारखी लागली पाहिजे, बोटभर वरखाली राहिली तरी माणूस अडखळतो. बेस आणि ड्रमचंही तसंच, असं ते मला पहिल्या दिवसापासून सांगत आले. आता लिफ्ट बोटभर खाली थांबत होती आणि मी मजलाच बोटभर खाली घेत होते. कुणी अडखळत नव्हतं. त्यांनाही कळत नव्हतं, असं मला वाटत होतं.

तू तुझे मोठे हेडफोन विसरून गेलीस. ते लावून बाबा दोन दिवस खुर्चीत बसून होते. मला वाटलं, तुझं काहीतरी ऐकतायत. गायिकाबाईंनी फोनवर हॉलमधल्या शनिवारांचं रेकॉर्डिंग केलेलं होतं ना, ते ऐकत होते. फोनच्या पिचक्या आवाजात बेस कुठे ऐकू येतो, पण तुझ्या हेडफोनमधून सगळं ऐकू आलं. मी भांडी घासत होते, मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू केव्हापासून थांबते आहेस?" मी म्हटलं, कशासाठी? तर म्हणाले, "माझ्यासाठी." नळ चालूच होता. मी म्हटलं, अरे, एकत्र वाजवणं म्हणजे हेच की, एकमेकांसाठी थांबायचं. त्यावर ते म्हणाले, "एकमेकांसाठी. तू एकटीच थांबत होतीस, आणि मी वाजवतोय असं मला वाटत होतं. तू मजला हलवत होतीस." मग त्यांनी नळ बंद केला आणि अगदी शांतपणे विचारलं, लोक टाळ्या वाजवायचे ते कुणाला. मी तुझ्यावर किती वेळा मनातल्या मनात चिडले आहे, की हिच्या बोटांना नुसता वेग आहे, कान नाही. आणि ज्याला मी कान म्हणते त्याने मी तुझ्या बाबांना वर्षभर त्यांच्याच वाजवण्यातून बाहेर ठेवलं. कुणाचं बरोबर, मला आता खरंच सांगता येत नाही.

तेव्हापासून आमच्यात भांडण नाही, अबोलाही नाही. मीठ दे, दार लावून घे, सगळं चालू आहे. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मी पाऊल हळू टाकलं तर ते थांबून म्हणतात, "तू हो पुढे." हात जास्त थरथरतो आहे. सकाळी शर्टाची बटणं लावायला मी पुढे झाले तर मागे सरकले आणि टी-शर्ट घातला. हॉलमध्ये दोन शनिवार आम्ही कीबोर्डवाल्याच्या यंत्रातल्या ड्रमवर भागवलं. एकही ठोका इकडचा तिकडे नाही, आणि दोन गाण्यांनंतर जोड्या जाऊन खुर्च्यांवर बसल्या. हॉलच्या मॅनेजरने विचारलंय, तुमचा ड्रमवाला येणार आहे की आम्ही दुसरा बँड बघू?

काल रात्री जेवताना मी त्यांना हे सांगितलं. वाटलं होतं, बघू दे त्यांना दुसरा, असं म्हणतील. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "पोरगी बेसवर असेल तर बसेन. ती खोटं वाजवत नाही." हे लिहिण्याचं कारण एवढंच आहे, खारूताई. महिनाअखेरच्या शनिवारी ये आणि माझ्या जागेवर उभी राहा. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्यासाठी थांब असं मी तुला सांगणार नाही, तसं केलंस तर त्यांना पहिल्याच ओळीत कळेल. तू पुढे निघून जा असंही सांगत नाही. फक्त त्यांच्या डाव्या खांद्याकडे लक्ष ठेव, आणि मधल्या थोड्या जागा रिकाम्या सोड, म्हणजे त्यांना काय करायचं ते त्यांना करता येईल. मी समोर, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसणार आहे. इतक्या वर्षांत मी त्यांना समोरून कधी ऐकलेलंच नाही. ते अडखळतील याची धास्ती आहेच. पण खरं सांगू, भांडी घासताना दुसरीच धास्ती मनात येते, की मी बाजूला नसताना ते सावरले तर मी इतके दिवस कुणाला धरून उभी होते. ये. तुला त्यांच्या काठ्या चमच्यांतून काढून द्याव्या लागतील, मी दिल्या तर घेणार नाहीत.

खुर्चीतून तुम्हा दोघांच्या पहिल्या ठोक्याची वाट बघणारी,
तुझीच,
आई