सावलीच्या एकोणचाळीस वह्या

मी, दरबाराचा माजी कालगणक, वय एकाहत्तर, डोळ्यांनी अधू पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण आणणारे सगळे सध्या जेवायला बसले आहेत.

१. राहते घर पत्नीस. अंगणाच्या मधोमध माझा सावली मोजण्याचा खांब, त्यामुळे तिला कधी धड कपडे वाळत घालता आले नाहीत. आता खुशाल त्याला दोरी बांधावी, फक्त भर दुपारी सोडावी.

२. धाकटे बंधू, सध्याचे राजज्योतिषी, यांस आरामखुर्ची. वर न बघता ग्रहणे सांगणाऱ्याला पाठ टेकायला काहीतरी हवेच. मागचे सूर्यग्रहण दरबारच्या ज्योतिषाच्या पोथीप्रमाणे सकाळी होते, लागले दुपारी. मी विचारले, तर म्हणाले, "पोथी बरोबर आहे, दादा. चंद्रालाच उशीर झाला." दरबाराने त्यांना बढती दिली आणि मला घरी बसवले.

३. जावईबापूंस दौत-लेखणी. शाई खरवडायची सुरी मात्र देऊ नये. वह्यांची नक्कल करताना त्यांनी पोथीशी न जुळणारा प्रत्येक आकडा 'सुधारला'. वर मलाच म्हणाले, "बाबा, तुमची लाज राखली." अक्षर सुरेख आहे.

४. मूळ वह्या, रोज एक सावली, वर्षाला एक वही याप्रमाणे एकोणचाळीस वर्षांच्या, मुलीस. बंधू त्या दुरुस्तीला मागतील. देऊ नयेत. पोथी चुकते याला दुसरा पुरावा नाही. त्या गेल्या, तर म्हातारा बरळत होता एवढेच उरेल. मला मरणाची नाही, याची भीती वाटते.

५. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले. एकविसाव्या वहीत, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाची सावली, पोथी किती चुकते याच्या माझ्या सिद्धान्ताशी जुळेना. मी आकडा खरवडून जुळणारा लिहिला. माहेरी आलेली मुलगी मोजपट्टी धरून होती. म्हणाली, "बाबा, आपण एवढी नव्हती मोजली." मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?" बंधूंना हसण्याचा माझा अधिकार त्या दुपारी संपला, तरी मी हसतच राहिलो.

तिने खरा आकडा शेजारी लिहावा. माझा खोडू नये, लबाडी कोणाची ते दिसू द्यावे. तिला तो नक्की आठवतो. गेली अठरा वर्षे, वर्षातल्या त्या एका दिवशी ती माझ्याशी बोलत नाही.

साक्षीदार: सुतार, ज्याने खांब ओळंब्याने उभा केला. शेजारीण, जिला यातले काही पटत नाही, पण वाचता येते.

ठिकाण: माझे अंगण.
दिनांक: पोथीप्रमाणे उन्हाळ्याचा तिसरा दिवस, सावलीप्रमाणे पाचवा.

सही: कालगणक